गाठीवाल्याने तपासलेलं पुस्तक

गुढीपाडव्याच्या आधी राजूरच्या गणपतीपुढे मी माझं जिल्ह्यातल्या बारवांवरचं संशोधन विकायला बसले होते. दुपारपर्यंत एकही प्रत खपली नाही. शेजारी साखरेच्या गाठी विकणारा म्हातारा मात्र चिकट हात धोतराला पुसून, माझ्या पुस्तकाची एक प्रत ओळीवर बोट ठेवून वाचत होता. एका पानावर बोट थांबलं.

"मॅडम, आमच्या गावची बारव कोरडी लिहिली तुमी. कवा आल्त्या पाहायला?"

"आले नव्हते. जुन्या अहवालातून घेतलं."

"मी आज सकाळीच तिथून घागर भरली."

डॉक्टरेट गिळून मी पेन काढलं आणि प्रत्येक प्रतीतलं ते वाक्य खोडू लागले. बाई स्वतःचंच पुस्तक खोडतेय म्हटल्यावर गर्दी जमली.

"घ्या, जल्दी घ्या," म्हातारा ओरडला, "आता बराबर झालंय!"