ओल्या वाळूवरची पावले

सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडींच्या पुढे घट्ट, ओली वाळू उघडी पडली होती आणि एक उंच गृहस्थ खाली वाकून काहीतरी निरखत होते. काही हरवले असावे असे समजून मी मदतीला पुढे झालो.

“थांब, पुढं येऊ नकोस,” ते म्हणाले. “त्याचा शॉट पुसशील.”

बाजूला एक दांडगा मुलगा बॅट घेऊन उभा होता. वाळूतल्या त्याच्या पावलांकडे बोट दाखवून सरांनी त्याला विचारले, “टाच बघ किती खोल गेलीय. चेंडू सुटायच्या आधीच मागं सरकलास. घाबरलास ना?” मुलाने मान खाली घालून होकार दिला. सर हसले आणि म्हणाले, “मग ठीक आहे. मला वाटलं, तुला कळलंच नाही.”

हेच आमचे हरेश्वर तांडेल सर. या वर्षी ते साठ वर्षांचे होत आहेत. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे त्यांच्यावर लिहायला मी कचरत होतो. पण सरांच्या हाताखाली यष्टिरक्षण शिकलो आणि आज त्यांच्याच सोबत मुलामुलींना शिकवतो. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

सर याच गावातल्या मच्छीमार घरातले. जलद गोलंदाजीच्या जोरावर त्यांना मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात जागा मिळाली आणि पुढे कित्येक वर्षे क्रिकेट हाच त्यांचा पेशा होता. गुडघा साथ देईना तेव्हा कंपनीत टेबलावरचे काम मिळत होते. ते न घेता सर गावी परतले आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून शिकवू लागले. चिंचणीपासून तलासरीपर्यंतची मुले त्यांच्याकडे येतात. फटका पाहून सर फारसे बोलत नाहीत. आधी पावले पाहतात, मग बोलतात.

वेवजी गावची कल्पना नावाची मुलगी तिच्या आईबरोबर आली तेव्हा तिला धावत येऊन चेंडू टाकताना पाहून वलांडीवरच्या बायाही हातातले काम थांबवून बघत राहिल्या. आईने एवढेच विचारले, “पोरीला परत कोण आणील?” सर म्हणाले, “मी.” तेव्हापासून दर रविवारी सर तिला स्वतः पाड्यावर पोहोचवत आले. एकदाही त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवले नाही.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. कल्पनाच्या आईने आधीच बजावले होते की निवड झाली नाही, तर पुढच्या सोमवारपासून राज्याच्या सीमेपलीकडच्या कारखान्यात तिच्याबरोबर कामाला यायचे. सकाळी कल्पना बूट घालून कडक खेळपट्टीवर धावली आणि नो-बॉलमागून नो-बॉल पडू लागले. पंचांचा हात खाली येईना. निवड समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “वेग आहे, पण रेषेचं भान नाही. जेवणानंतर एक ओव्हर बघू. मग ठरवू.”

“पाऊल आखूड टाक,” जो तो तिला सांगू लागला. सर तिला मैदानाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. मी सोबत होतो.

“बाय, चूक माझी आहे,” सर म्हणाले. “वाळू पाय धरून ठेवते. ही जमीन ढकलते. मुंबईत पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझंही असंच झालं होतं. मी विसरलो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“पाय आखडला. वेग गेला, तो परत यायला वर्ष लागलं. तू आखडायचा नाही. धाव सुरू करायची खूण मागं घ्यायची.”

पण किती मागे? कडक जमिनीवर पाऊल उमटत नव्हते. सरांनी माळीबुवांकडून रेषा आखायची पांढरी फक्की मागून आणली आणि जमिनीवर पसरली.

“काय सर, रांगोळी काढताय?” माळीबुवांनी विचारले.

“हो. लक्ष्मीची पावलं उमटायचीत.”

कल्पना धावली. सर दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले आणि बुटाचा ठसा रेषेपुढे किती गेला ते वितीने मोजले. खूण तेवढी मागे घेतली. फक्की पुन्हा सारखी केली, तिला पुन्हा धावायला लावले, पुन्हा खाली बसले. ज्या माणसाची गोलंदाजी पाहायला मुंबईत लोक थांबत, तो माणूस एका मुलीच्या पावलांशी असा बसलेला मी पाहिला.

जेवणानंतरच्या ओव्हरमध्ये पंच खाली वाकून बघत राहिले. हात एकदाही वर गेला नाही. शेवटच्या चेंडूवर मधली यष्टी उडाली आणि टाळ्या वाजल्या. सरांनी यष्टीकडे पाहिलेच नाही.

“पाय कुठं पडला?” त्यांनी मला विचारले.

“रेषेच्या आत, सर.”

मग सर तिथेच गवतावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. संघात कल्पनाचे नाव लागले ते आम्ही त्यांना तिथेच जाऊन सांगितले.

संध्याकाळी वेवजीला पोहोचलो तेव्हा आईचे लक्ष आधी सरांच्या पँटकडे गेले. “गुडघ्याला पांढरं काय लागलं, सर?”

“माझी पावलं,” कल्पना म्हणाली. मग तिने निवडीची बातमी सांगितली. त्या सोमवारी आई कारखान्यात एकटीच गेली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी कल्पनाला वाचून दाखवला. तिने एकच गोष्ट घालायला सांगितली. अलीकडे गुडघ्यामुळे घरापासून वाळूपर्यंत चालायला सरांना जास्त वेळ लागतो. तरीही ओहोटीला आम्ही पोहोचतो तेव्हा सर तिथे असतातच. एकदा तिने त्यांना विचारले, “सर, तुम्ही आधी कसे येता?”

“खूण मागं घेतलीय,” सर म्हणाले. “घरून लवकर निघतो.”

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी आणखी कितीही लवकर निघावे, सावकाश यावे. ते येईपर्यंत आम्ही त्या वाळूवर पाय ठेवणार नाही.