थंडी पाटणबोरीत आली

तवा तापला की नाही ते पाहायला आपण हात धरतो ना, तसा आमचे शेजारी भाऊ उलटा हात उत्तरेकडे धरत. थोडा वेळ डोळे मिटत. मग म्हणत, "हिंगणघाटात हाय अजून."

"कोण हिंगणघाटात आहे, भाऊ?" मी शाळेच्या नोकरीवर पैनगंगेच्या दक्षिण काठच्या या गावात नवी आले, तेव्हा असं विचारलं होतं.

"थंडी, बाई. अजून कोन?"

आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये तुराट्यांचा एक कूड होता. दसरा सरला की रोज सकाळी कुडापलीकडून मला थंडीचा मुक्काम कळायचा. बातमी त्यांना महामार्गावरून मिळे. पैनगंगेच्या पुलाजवळच्या ढाब्यावर नागपूरकडून येणारे ट्रक थांबत. भाऊ सायकलवर तिथे जात आणि ड्रायव्हरांना विचारत, "कंबल किधर ओढा, सरदारजी?" कोणी बुटीबोरी सांगे, कोणी हिंगणघाट. एकदा एका पोरगेल्या ड्रायव्हरने म्हटलं, "बाबा, ठंड से रिश्ता करना है क्या?" भाऊ हसले नाहीत. "रिश्ता है," म्हणाले. "हर साल घर आती है."

माझ्या वर्गातून परदेशी गेलेल्या मुलांनो, तुमच्याकडे बर्फ पडला की तुम्ही मला फोटो पाठवता. आमची थंडी फोटोत येत नाही. ती कोरडी असते, आणि ज्याच्या छातीवर बसायचं ते माणूस तिने आधीच ठरवलेलं असतं. आमच्या शेजारी ते माणूस म्हणजे वैनी, भाऊंची बायको. त्यांना दमा होता. पौषात त्यांचा श्वास कुडापलीकडून ऐकू येई, बारीक शिट्टीसारखा. भाऊ त्यांची पाठ चोळत बसत. वैनी भाकर अर्धीच खात, कारण पोट भरलं की दम लागे. उरलेली अर्धी ताटात तशीच असे. "खाऊन घे वो," भाऊ म्हणत. "तुमी खा," वैनी म्हणत. हे रोजचं होतं.

भाऊंची कापसाची शेती होती आणि एक डोंगा होता. वेचणीच्या बायांना ते त्यातून पलीकडच्या काठावरच्या शेतांत पोचवत. एका हिवाळ्यात वैनींना सकाळपासून दम लागला होता. दवाखान्यात न्यायला भाऊंनी त्यांना डोंग्यात घातलं, आणि मध्यधारेत वैनींचा श्वास मोकळा झाला. काठ आल्यावर त्या म्हणाल्या, "अवो, परत फिरवा ना. इथंच बरं वाट्टे." भाऊंनी दुपारपर्यंत डोंगा पाण्यातच ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात बेत शिरला.

बेत असा: थंडी पाटणबोरीत, म्हणजे आमच्या समोरच्या काठापलीकडे, यायच्या आत डोंग्यात बसून दक्षिणेला निघायचं. पैनगंगा वर्धेला मिळते, ती प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला. गोदावरीने थेट भद्राचलम. "थंडी रस्त्यानं येते, आमी पान्यानं जाऊ. तिच्या पुढं पुढं." उन्हं तापली की परत.

मी व्यवस्थित बाई. नकाशा काढला, आणि आदिलाबादहून रेल्वे कशी जाते ते समजावलं. वैनी कुडापलीकडून म्हणाल्या, "डब्ब्यात माहा जीव घाबरते, बाई. दार लावलं का मी गेलीच समजा."

"तिकडं थंडी नाई, हे कोनी सांगतलं?" मी त्यांच्याच बोलीत भाऊंना विचारलं.

आठवडी बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका तेलुगू बाईने सांगितलं होतं. "चलि लेदु," म्हणजे थंडी नाही. भद्राचलमला पौषातही लोक पातळ चादर घेतात, असं तिचं म्हणणं. वैनींना तेलुगूचे एवढेच दोन शब्द येत, आणि ते त्या फार गोड म्हणत. सकाळी तोंडातून वाफ निघत असताना त्या मला हाक मारून सांगत, "बाई, चलि लेदु!" आणि हसता हसता खोकत.

मग निघाले का नाहीत? ज्याला कापूस ठाऊक आहे तो हे विचारणार नाही. नदीला डोंगा चालण्याइतकं पाणी असतं तेव्हा शेत पांढरं झालेलं असतं. वेचा सोडून घरचं माणूस जात नाही. शेवटचा वेचा होतो तोवर नदीत खडक उघडे पडतात आणि डोंगा वाळूत बसतो. पाणी असे तेव्हा कापूस, कापूस सरे तेव्हा पाणी नाही. अशी कितीतरी वर्षं गेली.

एका वर्षी भाऊंनी पक्कं केलं. डोंग्याला डांबर लावलं, पुढच्या भागात वैनींसाठी वाकळ अंथरली. पहिला वेचा झाला. थंडी हिंगणघाटाच्या पुढे, वडनेरला होती. तेव्हा वैनीच अडल्या. शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "असं फुटलेलं शेत टाकून कोनी जाते का? दुसरा वेचा होऊ द्या. चार दिवसानं काय होते?"

दुसरा वेचा त्यांनी स्वतः वेचला. त्याच आठवड्यात थंडी एकदम आली. कुडापलीकडची शिट्टी पौष संपायच्या आत थांबली.

त्यानंतर भाऊ बोलेनासे होतील असं मला वाटलं होतं. पण ते उलटा हात धरतच राहिले. ढाब्यावर जात राहिले. एकदा मी त्यांच्या डोंग्यातून पलीकडे निघाले आणि पुढच्या भागात बसायला गेले. "तिकडं नोको, बाई," ते हळूच म्हणाले, "इकडं बसा." वाकळ तिथेच होती, नुकती झटकलेली.

आणि एका पौषात मी ती शिट्टी पुन्हा ऐकली. वारा तुराट्यांतून गेला की तसा आवाज होतो, हे मला माहीत आहे. त्या सकाळी वारा नव्हता. पलीकडून भाऊंचा आवाज आला, "झालं, झालं. निंगू आपन." मी चहा तसाच ठेवून घरात गेले.

पुढे खालच्या अंगाला बंधारा झाला आणि नदीत हिवाळाभर पाणी राहू लागलं. भाऊ हरखून गेले. "आता पानी थांबून राह्यलं, बाई! कापूस पुरा वेचून निंगता येते!"

"भाऊ, पाणी थांबतं, कारण पुढे भिंत आहे. डोंगा जाणार कुठून?"

त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "भित थंडीलेबी आडवी येईनच ना."

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. अजून मी स्वेटर पेटीतून काढला नव्हता. भाऊंनी हात धरला आणि घाईने म्हणाले, "पाटनबोरीत आली."

"काहीतरीच. काल तर घाम येत होता."

"आली, बाई. तिले दम लागला, तिनंच सांगतलं."

दुसऱ्या दिवशी काठावर डोंगा नव्हता. शेत पहिल्या वेच्याचं, पांढरंशुभ्र, कोणी हात न लावलेलं. ते पाहूनच मला कळलं.

डोंगा बंधाऱ्याच्या भिंतीपाशी सापडला, दगडाला नीट बांधलेला. त्यांचा मुलगा हैदराबादहून आला, मी त्याच्याबरोबर ऑटोने गेले. माणसं भिंतीच्या अलीकडच्या पाण्यात शोधत होती. मी पलीकडे पाहत होते, जिथून नदी पुढे जाते. भाऊ कुठेच सापडले नाहीत, आजपर्यंत नाहीत.

डोंग्यात वाकळ अंथरलेली होती. तिच्यापुढे दोन ताटल्या होत्या. एक पुसून खाल्लेली. दुसरीत चटणीची बोटं उमटलेली आणि अर्धी भाकर.

मुलाने वाकून दोन्ही ताटल्या पाहिल्या. "बाबा एकटेच होते ना, बाई?"

"हो," मी म्हटलं.

तो पोलिसांशी बोलायला गेला. उष्ट्या ताटल्या तशा ठेवणं मला जमेना. भाकर मी पाण्यात सोडली आणि काठावर बसून दोन्ही ताटल्या धुतल्या. पाणी गार असेल म्हणून आधी बोटंच बुडवली.

पाणी कोमट होतं. चलि लेदु.