मागच्या खोलीतला कोनाडा

नैना वाईची. जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकायला न्यू ऑर्लिन्सला आली आणि आमच्या वरच्या खोलीत राहिली. अंगाने बारीक, बोलायला फटकळ. चुना कालवायला बसली की जेवणाची शुद्ध नसायची.

फ्रेंच क्वार्टरमधल्या एका घरावर तिला काम मिळालं. दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच व्यापाऱ्याने बांधलेलं. पुढे लोखंडी जाळीची गॅलरी, आत चौक, चौकामागे विटांच्या खोल्या. तिथे त्याचे गुलाम राहत. घर संरक्षित, खिळासुद्धा विचारून ठोकायचा. पण शेवटच्या खोलीत माणसं राहत होती याला पुरावा नव्हता. तो मिळाला नाही तर आताचा मालक तिथे बाथरूम काढणार होता. नैनाला ते सहन होईना.

त्या खोलीत कमरेच्याही खाली एक कोनाडा होता, आत काळा डाग.

"मावशी, ही दिव्याची काजळी आहे. लॅबने जुनी म्हटलं की खोली वाचली."

"मग तोंड का उतरलंय?"

"संध्याकाळी तिथे कुणीतरी श्वास घेतं, यार."

मी म्हटलं, "तिन्हीसांजेला त्या कोनाड्यात दिवा लावत जा. भीती वाटायची नाही."

तिने आठवडाभर लावला. सांगायची, वारा नसताना ज्योत भिंतीकडे वळते, तेल बघता बघता संपतं. नवी काजळी जुनीवर बसतेय, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

जुन्या घरांच्या सरकारी खात्यातून तपासणीला लँड्रीबाई आल्या, तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. त्यांनी नमुना घ्यायला सुरी काढली आणि नैना पांढरी पडली. गप्प बसता आलं असतं.

"वरची काजळी माझी आहे," ती म्हणाली. "मी इथे दिवा लावला."

"मग नमुना कामाचा नाही."

मालक हसला. "तुझ्या देवाने माझं बाथरूम पास केलं!"

नैना खाली बसून कोरड्या ब्रशने आपली काजळी झाडू लागली. कडेचा चुन्याचा पोपडा सुटला. चुन्याच्या दोन थरांखाली चार तेलकट ओरखडे होते. बोटांचे. लहान मुलाच्या बोटांचे.

मला राहवलं नाही. "वात सारली की बोटं अशीच कडेला पुसतात. आम्ही पण पुसायचो."

लँड्रीबाईंनी फोटो काढले. चुना जुना निघाला. खोली वाचली, कुलूप लागलं.

महिन्याने नैना तापाने आमच्याकडे पडून होती. लँड्रीबाईंचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"तू भिंतीला हात लावलास? फोटोत चार खुणा आहेत. आज पाच आहेत. पाचवी ओली आहे."

"नाही. चार दिवस मी अंथरुणात आहे."

"तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे." मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "मी त्या खोलीतच उभी आहे. फोन ठेवू नकोस."