लांबून बघायची नदी

पुण्यातला घरमालक म्हटल्यावर तुम्ही आता पाट्या, कुलपं आणि दुपारच्या झोपेची वाट बघत बसला असाल. बसा. आमच्या धायरीच्या घरमालककाकांना त्यातलं काही जमत नाही. त्यांना जगात फक्त नदी जमते, तीही ठिपक्याठिपक्यांची. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी ब्रश धरला. रोज सकाळी बस बदलत बदलत संगमाच्या पुढच्या पुलावर जातात, स्टँड लावतात, आणि निर्माल्याची पिशवी भिरकावणाऱ्याला सुनावतात, "अहो, माझ्या चित्रात कचरा टाकू नका." नदी कधी हिरवी, कधी जांभळी, कधी चक्क केशरी. पाणी कुठाय विचारलं की म्हणणार, "लांबून बघा." बघणारा बिचारा मागं सरकत जिन्यापर्यंत पोचतो. गॅसवाला तर सिलिंडरसकट मधल्या वळणापर्यंत उतरला आणि तिथून ओरडला, "गोधडी छान आहे." काकूंच्या मते ती पालकाची पातळ भाजी. पण काकांची इच्छा एकच, न सांगता कुणीतरी नदी ओळखावी.

परवा एका शाळेच्या हॉलमधल्या प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं. काका कडक इस्त्रीचा झब्बा घालून सकाळपासून शेजारी उभे. लोक यायचे, मान तिरकी करायचे आणि पलीकडच्या गणपतीकडे वळायचे. दुपारपर्यंत झब्बा आणि काका, दोघंही चुरगळले. मला बघवेना. नकला मला लहानपणापासून येतात. बार्शीला हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेली आहे. गेलो पार्टिशनच्या मागं, घशात सदाशिव पेठेतला पेन्शनर आणला आणि म्हणालो, "वा! मुठा. अगदी हुबेहूब आपली मुठा."

काका धावत आले. मागं मी, हातात समोसा. कोण होतं म्हणून विचारलं, तर म्हटलं एक आजोबा होते, गेले आत्ताच. परतीच्या बसमध्ये काका चित्र मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. धायरी जवळ आल्यावर म्हणाले, "ते आजोबा पुण्याचे नव्हते."

"का हो काका?"

"माझा पूल संगमाच्या पुढचा. संगमात मुठेला मुळा मिळाली की पुढं तिला मुळा-मुठा म्हणतात. पुण्याचा म्हातारा गळा दाबला तरी नुसती मुठा म्हणायचा नाही. गाढवा, एवढे दिवस माझ्या घरात राहतोस, गावभर लोकांच्या नकला करतोस, नदी एकदा तरी बघितलीस? उद्या सकाळी माझ्याबरोबर पुलावर यायचं. आणि लांबून नाही. कठड्याला टेकून, जवळून बघायची."