आप्पा ‘सोड’ म्हणत नाहीत

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण अशा गोष्टी सांगणाऱ्यांची चेष्टा करण्यात मी स्वतःच पुढे असते. आमच्या घरात बुद्धवंदना होते, पण अंगारा, नवस, लिंबू-मिरची यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. त्यात मी एका कंपनीत क्वालिटीला. व्हर्नियरनं मोजता येत नाही ते मी मानत नाही, असं फुशारकीनं सांगणारी… तेव्हा हसायचं तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल, दोन दारांची, दोन सीटची, जमिनीला टेकलेली. शिरूरमध्ये सगळे म्हणतात, “बसायला दोन आन् ढकलायला चार.” म्हणू देत, हौसेला मोल नसतं. पण यावेळी दोष गाडीचा नव्हता. हँडब्रेक अर्धा ओढलेलाच ठेवून मी शहाणी थेट दौंडपर्यंत गेले होते. लायनर घासून पार पत्रा उघडा पडला.

माझे वडील, म्हणजे आप्पा, जुने ट्रक फिटर. सत्तरीला आलेत, शुगर आहे, पण हातात पाना आला की त्यांना जेवणाची आठवण राहत नाही. रविवारी सकाळी गोळी घेतली आणि चहावरच कामाला बसले. या गाडीला मागे डिस्क आहे, आणि डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे छोटे शूज, म्हणजे लायनर लावलेल्या कमानी. नवे शूज बसवून आप्पा चाकाशी बसले, मी सीटवर, हात लिव्हरला.

“ओढ.”

ओढला.

“ढील दे.”

ढिला केला.

असं वीस-पंचवीस वेळा. आमच्याकडे कामावर ‘सोड’ हा शब्दच नाही. आप्पा कायम ‘ढील दे’ म्हणतात आणि लहानपणापासून मलाही तेच म्हणायला लावलंय. एकदा मी ‘सोडू का?’ विचारलं तर त्यांनी पाना आपटला होता. का, ते मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या शंभर खोडी असतात, त्यातली एक समजून चालले.

अकराच्या सुमारास आम्ही निमोण्याच्या रस्त्याला, एका चढावर टेस्ट घ्यायला गेलो. स्वच्छ ऊन, रस्ता मोकळा. गाडीचं तोंड चढाकडे. मी मागच्या चाकाला दगड लावायला निघाले तर आप्पा म्हणाले, “दगड लावून टेस्ट म्हंजी कॉपी करून पास. न्यूट्रल कर आन् पाय काढ. म्या चाक बघतो.”

इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, पाय काढला. गाडी जागची हलली नाही. आप्पा मागे गेले आणि खाली बसले. गाडी बुटकी, मागची काच वीतभर… ते मला आरशात दिसेनात.

एक मिनिट गेलं, दोन गेली. मग आवाज आला.

“सोड.”

आप्पांचाच आवाज. माझा अंगठा बटणावर गेलासुद्धा. लिव्हर किंचित उचलला, बटण दाबलं — आता फक्त हात खाली न्यायचा होता. आणि तो शब्द खटकला.

“आप्पा, ढील देऊ का?”

“सोड.”

“तुम्ही बाजूला झालात ना?”

“अगं सोड की! किती येळ?”

तोच वैताग, तोच शेवटचा हेल. पण आवाज मागून येत नव्हता. माझ्या उघड्या खिडकीजवळून येत होता — आणि वरून, उभा माणूस बोलतो तसा. मी मान वळवली. खिडकीत कुणीही नव्हतं. मी घाबरले. इतकी की बटणावरचा अंगठा काढायलाही जमेना… पायानं ब्रेक दाबून धरला, मग लिव्हर पुन्हा घट्ट ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि उतरले.

आप्पा मागच्या चाकामागं आडवे पडले होते. डोकं टायरपासून चार बोटांवर. शर्ट घामानं भिजलेला, दातखीळ बसलेली.

एका पिकअपवाल्यानं त्यांना उचलून शिरूरला दवाखान्यात पोचवलं. शुगर लो झाली होती. सलाईन लागलं आणि तासाभरात ते शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली की माणूस बरळतो. मी मान डोलावली. पण बरळणारा माणूस मी बोलल्यावर उलट बोलतो? तेही दातखीळ बसलेल्या तोंडानं?

दोन दिवसांनी मी आप्पांना सगळं सांगितलं.

“म्या ‘सोड’ म्हणलो?”

“तीनदा.”

त्यांनी हळूच विचारलं, “आवाज माझाच व्हता, व्हय?”

मी हो म्हणाले आणि आप्पा रडायला लागले. मी त्यांना रडताना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या जन्माआधी ते हायवेवरच्या एका गॅरेजात होते. एकदा उतारावरच्या ट्रकखाली एक फिटर काम करत होता, आप्पा केबिनमध्ये. बाहेरून “सोड” असा आवाज आला. आप्पांनी ब्रेक सोडला, आणि त्या फिटरचा पाय कायमचा गेला.

“बाहेर किसन उभा व्हता, आमच्याच गॅरेजातला,” आप्पा म्हणाले. “पोराबाळांची शपथ घेऊन सांगत व्हता, म्या तोंड उघडलंच न्हाई. म्या मालकाला म्हणलो, ह्या कानांनी ऐकलंय, किसनचाच आवाज. त्याला हाकलला. पुन्यांदा कुठल्या गॅरेजात त्याला कुणी उभा केला न्हाई.”

पुढच्या रविवारी त्याच गाडीतून आम्ही दौंड तालुक्यातल्या राहू गावी, किसनमामांकडे गेलो. किसनमामा घरापुढं शेळ्यांना पाला टाकत होते. आप्पांनी पाणीही घेतलं नाही, उभ्या उभ्याच बोलले.

“किसन, तू म्हणला नव्हतास. मला आता कळलंय. माझ्यापायी तुझं वाटोळं झालं.”

किसनमामांच्या हातातला पाला तसाच राहिला. ते म्हणाले, “लई उशीर केलास गड्या. आता तर मलाच वाटाय लागलं व्हतं, म्हणलोच असन म्या.”

आप्पांनी त्यांचा हात धरला. मग किसनमामांनी विचारलं, “आन् मग कोण म्हणलं व्हतं रं?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला अजूनही माहीत नाही.