गडाच्या पायथ्याशी घडलेलं दर्शन

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या आमच्या घरी पाळीचे चार दिवस बाजूला बसायची रीत होती. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मगच चुलीला हात लावायचा. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडायचे. सासूबाई दारातून ताट सरकवायच्या आणि आम्ही दोघी मनसोक्त गप्पा मारायचो. आजही त्या गप्पांची फार आठवण येते. पण पस्तिशीत माझे चार दिवस पंधरावर गेले. इतके दिवस सून बसून राहिली तर घर कसं चालावं? मग पाचव्या दिवशी न्हाऊन "झालं" म्हणायचं आणि कामाला लागायचं, असं मी वर्षभर केलं. देव कोपला म्हणून उपास वाढवले. जिना चढताना धाप लागायची, तरी अक्कल आली नाही.

त्या रामनवमीला सगळे रामटेकला, गडावरच्या रामाच्या दर्शनाला गेलो. माझी पाळी तेव्हाही चालूच होती. घरात रेटलेलं खोटं रामापुढे रेटवेना. गुडघा दुखतो सांगून मी पायथ्याशीच बसले आणि एकटी पडताच रडू कोसळलं. शेजारी एक वयस्क बाई आपल्या माणसांच्या चपला राखत बसली होती. कामठीच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं माझी पांढरी पडलेली नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"किती दिवस जाऊन राहिलं वं तुले?"

"पंधरा दिवस, मावशी. गाठीपण पडतात. देवाचा कोप आहे."

"कोप कायचा! अंगात रक्त नाही उरलं. रामाले काहून बोल लावून राहिली? उद्याच डॉक्टरीणबाईले दाखव."

डॉक्टरीणबाईंनी तारखा विचारल्या, किती कपडे भिजतात ते विचारलं, हातानं तपासलं. गर्भाशयात गाठ होती. आणखी उशीर जिवावर बेतला असता. रक्त चढवलं, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली.

उशाशी बसलेल्या सासूबाईंना मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "माही पाळी जाऊन दहा वर्षं झाली. आता पुन्हा डाग दिसून राहिले. कोणाले सांगू?"

मी खाटेवरूनच डॉक्टरीणबाईंना हाक मारली. सासूबाईंचं दुखणं माझ्यापेक्षा वाईट होतं, पण वेळेत सापडलं. पुढे कितीतरी वर्षं त्या आमच्यात होत्या.

मुकाट्यानं सोसण्यालाच मी देवाला शरण जाणं समजत होते. त्या दिवशी रामानं मला वर येऊ दिलं नाही, म्हणून आम्ही दोघी वाचलो.