डाव्या बाजूचं स्टिअरिंग

आयुष्यातली पहिली गाडी मी फोटो बघून घेतली, आणि तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे हे मला ती सोसायटीच्या गेटातून आत आल्यावर कळलं. खरं तर मलाही नाही, बायकोला कळलं. ओवाळणीचं तबक घेऊन खाली निघताना तिने गॅलरीतून डोकावून विचारलं, "अहो, ड्रायव्हर भलत्याच दारातून कसा उतरला?"

त्या चुकीचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण तिच्यापायी आमच्या मासेवाल्या मावशींचे यजमान माझ्या आयुष्यात आले. मोटारीतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस वाशीच्या खाडीच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडे मुंबईत कोणी असलाच तर तो यांच्याच हाताखाली शिकलेला असणार, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

गाडी मोठी देखणी होती. शर्यतीच्या घोड्यावर दिवाणखाना बांधावा तशी: चार दारं, लांब नाक, आणि उभी असली तरी निघाल्यासारखी दिसायची. मायदेशी परतणारा कोणी परदेशी अधिकारी ती विकत होता. ऑफिसातल्या एका मित्राने तिचा रंगीत फोटो आणि टाइप केलेला एक कागद आणला. कागदावर तिचे सोळा गुण लिहिलेले. बटणावर वर-खाली होणाऱ्या काचा, मागे रेलणारी सीट, घड्याळ, सिगरेट पेटवायचा लायटर. मी सिगरेट ओढत नाही, पण लायटरपाशी माझा निर्णय झाला. स्टिअरिंग कुठल्या बाजूला, ही सतरावी गोष्ट लिहिण्याची कोणाला गरज वाटली नव्हती आणि विचारण्याची मला.

दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी बघायला उभी असताना मी गाडी काढली. शिकताना लागलेल्या सवयीने डावा हात गिअरकडे गेला, हातात दाराची मूठ आली, दार उघडलं आणि गेटाच्या खांबाला जाऊन लागलं. वॉचमनने तेवढ्यातही सलाम ठोकला. मावशी पाटी उतरवून गेटाशीच बसल्या होत्या. पापलेटावरचा हात न काढता म्हणाल्या, "भाऊ, आमच्या ह्यांना पाठवू का? वीस वर्सं असलीच उलटी गारी चालवत व्हते."

दादा आले ते पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून. मलबार हिलच्या एका शेठची परदेशी गाडी त्यांनी वीस वर्षं चालवली होती. शेठ गेले, गाडी गेली, आणि दादा वाशीतल्याच आपल्या जुहूगावात परत आले. पण त्यांच्या अंगातली गाडी काही उतरली नव्हती. रस्त्याने चालतानाही वळायच्या आधी ते हात बाहेर काढून इशारा देत. त्या वेळच्या वाशीत रस्ते आधी आले होते आणि माणसं यायची होती. मागे कुत्रं नसलं तरी दादांचा हात बाहेर. आमच्या घरात शिरताना त्यांनी दार इतकं हळू लावलं की बायकोला ते आल्याचं कळलंच नाही, आणि चहा विचारायचा राहिला. माणसंही ते गाडीवरूनच पारखत. आमच्या सेक्रेटरींबद्दल म्हणाले होते, "मानूस बेस हाय, पन हॅण्डब्रेक काढाला इसरतो."

माझ्या गाडीला त्यांनी पहिला तासभर हात लावला नाही. मग दार सात वेळा उघडून, डोळे मिटून, कान देऊन बंद केलं. "आवाज बेस हाय. नीट बोलवून आत घेतल्यावानी." मी उत्साहाने बटण दाबून काच वर-खाली करून दाखवली. "सायेब, काचंचं कौतुक मुलांना. गारीत बघाचं काय, तर तिला पलता आलं पायजे, आनि तरी तिनं पलू नये. ताकद पोटात. ब्रेक असा लागला पायजे की झोपलेल्याची झोप मोरू नये." हे मोडू नये बरं का, त्यांच्या बोलीत गाडीची गारी व्हायची, पण त्यांच्या हातात गारीची पुन्हा गाडी व्हायची.

नंतर त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. पेजेने काठोकाठ भरलेली वाटी समोरच्या फळीवर ठेवून त्यांनी सेक्टरांच्या मोकळ्या रस्त्यांवरून मला हिंडवलं. एक थेंब सांडला तर पुन्हा पहिल्यापासून. मला शेजारच्या सीटवर बसवायचे, उतरवायचे, परत बसवायचे. "गुडघ्यावर हात ठेवावा लागला का? खरं सांगा." काच पूर्ण खाली जाते का, आत वास कोंडतो का, हे रोज हुंगून बघायचे. मी ऑफिसात अभिमानाने सांगत असे, "तुम्ही लोक वेग विचारता. आमचे दादा गुडघा विचारतात. याला म्हणतात जाण!"

कोणाचा गुडघा, हे विचारायची अक्कल मला महिन्याभराने आली. गाडी पुसता पुसता दादांनीच सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा शेठ परगावी गेले असताना त्यांनी एकदा गाडी बायकोला दाखवायला गावात आणली. ती खाडीतून आलेली, पाय गुडघाभर चिखलात. धावत आली आणि दाराला हात लावणार, तोच दादा ओरडले, "हात लावू नको, डाग परल!"

"हात काढला तिनं," दादा म्हणाले. "पुन्ना लावला नाय. टेम्पोत बसते, ट्रकात बसते. माज्या गारीत बसली नाय कंदी. आता तिचं गुडघं गेलं. माजं डोलं पन जाला लागलं, सायेब. एकदा बसली पायजे."

रविवार ठरला. मावशींची पाटी रिकामी होईपर्यंत दादा गाडी गेटाशी उभी करून थांबले होते. मावशी उठल्या, आणि दादांनी उजवीकडचं दार उघडून धरलं. मावशींनी आत पाहिलं.

सीटवर मी पेपर अंथरले होते.

मनात काही नव्हतं, हे आता सांगून काय उपयोग? नवं कव्हर, माशाचे हात, एवढाच विचार करून सकाळी उठून चार पानं नीट पसरली होती. मावशी पेपरकडे बघत राहिल्या, आणि दादांचा चेहरा मला बघवेना. मग दादा वाकले, चारही पानं उचलली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "सायेब, ही तुमच्याखाली घ्या. मागं बसा."

मी बसलो. मावशींची रिकामी पाटी माझ्या मांडीवर आली. मावशींनी दारावर आपला ओला हात सबंध टेकवला, दादांकडे बघत टेकवला, आणि गुडघ्यावर हात न ठेवता आत बसल्या. पाच बोटं आणि चार खवले दारावर चमकत राहिले. दादांनी ते पुसले नाहीत. गाडी पुढे दोन वर्षं माझ्याकडे राहिली. एका पार्टसाठी अडली आणि गेली. आता तिचे सोळा गुण विचाराल तर मला चारसुद्धा आठवायचे नाहीत. पण ताशी शंभराच्या वर धावू शकणारी ती गाडी त्या दिवशी खाडीपुलापर्यंत आणि परत अशी गेली, की सायकलवाले घंटा वाजवून पुढे जात होते आणि दादांची मान एखाद्या राजासारखी ताठ होती. मावशींनी काच पूर्ण खाली घेतली होती. येताना पुलावर म्हणाल्या, "ब्रेक कवा लावला ते कललंच नाय." दादा नुसते रस्त्याकडे बघत होते, पण आरशात त्यांचे डोळे मला दिसले आणि मी आपला पाटीत बघू लागलो.

जुहूगावात शिरताच बायका दारात आल्या. एकीने खिडकीत वाकून विचारलं, "ए, मागं ह्यो कोन गं बसलाय?"

मावशींनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही.

"तो व्हय? गारीचा मालक. पाटी धराला आनलाय."